वाचक विचारतात: विजेची गाडी, हायब्रिड आणि वऱ्हाडातली लाइन

परवडणाऱ्या विजेच्या आणि हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) गाड्यांबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. हिशेबात पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि घरगुती वीज युनिटला १२ रुपये धरली आहे. तुमच्या बिलावर वेगळा आकडा असेल तर तो घालून गणित पुन्हा मांडा. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात छापतात. एक किलोवॅट-तास म्हणजे बिलावरचं एक युनिट, म्हणून इथे सगळीकडे युनिटच लिहिलं आहे.

प्रश्न: सुझुकी गुजरातेत विजेची गाडी बनवून युरोपात पाठवते आणि आम्हाला मात्र सीएनजी आणि हायब्रिड दाखवते. तिकडे नवा माल आणि इकडे जुना, असं आहे का? (हिंगणघाट, जि. वर्धा)

जुना माल म्हणता येणार नाही, पण आपल्यासाठी वेगळा हिशेब मांडला आहे हे खरं. सुझुकीने जानेवारी २०२३ मध्ये २०३० पर्यंतचा आराखडा जाहीर केला. त्यात युरोपसाठी ८० टक्के बॅटरीच्या गाड्या आणि २० टक्के हायब्रिड होत्या. जपानसाठी नेमकं उलट. भारतासाठी १५ टक्के बॅटरीच्या, २५ टक्के हायब्रिड आणि उरलेल्या ६० टक्के गाड्या सीएनजी, बायोगॅस किंवा इथेनॉलमिश्रित इंधनावरच्या. तुम्ही म्हणता ती ई-विटारा हंसलपूरच्या कारखान्यात बनते. २६ ऑगस्ट २०२५ रोजी तिची निर्यात सुरू झाली, आणि शंभराहून जास्त देशांत ती पाठवण्याचं ठरलं आहे. बॅटरी ४९ किंवा ६१ युनिटची.

अडतं ते इथेच. गाडीच्या किमतीत सगळ्यात जड वाटा बॅटरीचा, आणि ई-विटाराच्या बॅटरीतले सेल चीनच्या बीवायडी गटाकडून येतात. याउलट मारुती सुझुकीची ग्रँड विटारा किंवा टोयोटाची हायरायडर या स्ट्राँग हायब्रिड (थोडं अंतर नुसत्या विजेवरही जाणाऱ्या) गाड्यांची बॅटरी पाऊण युनिटच्या आसपास असते. ६१ ला पाऊणने भागा: एका विजेच्या गाडीच्या बॅटरीत ऐंशी हायब्रिडच्या बॅटऱ्या बसतात. टोयोटा गेली काही वर्षं जगभर हाच युक्तिवाद करते आहे, फक्त तिचा आकडा नव्वद आहे. सुझुकी आणि टोयोटाचं एकमेकींत भांडवल आहे (२०१९ पासून), त्यामुळे ग्रँड विटाराचं हायब्रिड तंत्र टोयोटाचं आणि ती बनतेही टोयोटाच्या कर्नाटकातल्या बिदडी कारखान्यात. उलट ई-विटाराचीच भावंड असलेली विजेची गाडी टोयोटा आपल्या नावाने विकते. खर्च वाटून घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. हायब्रिडसाठी लागणाऱ्या सेलचे इलेक्ट्रोडसुद्धा आता गुजरातेत तोशिबा, डेन्सो आणि सुझुकीच्या भागीदारीतल्या कारखान्यात बनू लागले आहेत.

पण युक्तिवाद कंपनीच्या सोयीचाही आहे, हे विसरू नका. इंजिनाचे कारखाने आधीच उभे आहेत, ते चालू राहतात. धुरातल्या कार्बनवरचा सरकारचा नियम एकेका गाडीला नसून कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीला लागतो (२०२२-२३ पासून किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड), आणि सीएनजी व हायब्रिड विकूनही ती सरासरी खाली येते. स्ट्राँग हायब्रिड आत्ता मोठ्या आणि महाग गाड्यांतच मिळते. जिला खरोखर परवडणारी म्हणावी अशी छोटी हायब्रिड या आराखड्यातून अजून गावापर्यंत आलेली नाही.

दुसरी वाट टाटाने धरली: पेट्रोल गाडीच्याच सांगाड्यात बॅटरी बसवायची. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली आणि टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये ८.४९ लाखांपासून. बीवायडीची गोष्ट तिसरीच. ती सेल स्वतः बनवते, म्हणून चीनमध्ये तिची छोटी गाडी स्वस्त पडते. आपल्याकडे तयार गाडीवरचं आयात शुल्क ते गणित मोडून टाकतं. एमजीने आणखी एक शक्कल काढली, बॅटरी भाड्याने द्यायची. तिची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाखांना आली, पण तेव्हा बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये होतं. त्यात विजेचे पावणेदोन मिळवा, सव्वापाच झाले. लिटरला १८ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी ५ रुपये ८० पैशांत चालते. मग वाचलं काय? भाड्याच्या करारात महिन्याला किमान किलोमीटरची अट आहे का, ते सही करण्याआधी वाचा.

प्रश्न: भाऊ, गावात रातच्याले व्होल्टेज १७० वर येते. चार्जर लाल लाइट दाखवते अन् बंद पडते. कंपनीचा माणूस म्हणते लाइन खराब, लाइनमन म्हणते गाडी खराब. खरं काय? (आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

बहुतेक वेळा दोघांपैकी कोणाचीच पूर्ण चूक नसते. दोष घराच्या बोर्डापासून सॉकेटपर्यंतच्या वायरीत आणि अर्थिंगमध्ये असतो. तपास या क्रमाने करा.

आधी मल्टिमीटरने सॉकेटवर तीन मापं घ्या: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. तीनही मापं चार्जर बंद असताना आणि, सॉकेटच्या शेजारी दुसरा पॉइंट असेल तर, चार्जर चालू असतानाही घ्या. न्यूट्रल ते अर्थ २-३ व्होल्टच्या आत हवं. ते १०-१५ दाखवत असेल किंवा फेज ते अर्थचा आकडा फेज ते न्यूट्रलपेक्षा फारच कमी असेल, तर अर्थिंग मेलेलं आहे. गाडीसोबत मिळणारा चार्जर अर्थ तपासल्याशिवाय करंट घेतच नाही, म्हणून तो लाल दिवा. हा दोष नव्हे, ती सुरक्षा आहे.

काळ्या मातीत अर्थिंग मरण्याचं कारण ठरलेलं आहे. मार्च उजाडला की जमीन भेगाळते, माती पाइपपासून सुटते आणि मध्ये हवा राहते. पावसाळ्यात बसवलेलं आणि तेव्हा उत्तम चाललेलं अर्थिंग मे महिन्यात दगा देतं ते यामुळे. अडीच ते तीन मीटर लांब जस्तलेपित पाइप भिंतीपासून दीड मीटर तरी दूर उभा गाडा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्या किंवा बाजारात मिळणारी बेंटोनाइटची पावडर भरा. पावडर जास्त टिकते. मीठ पाइप खातं. वर फनेल ठेवून उन्हाळ्यात तीन-चार दिवसांआड बादलीभर पाणी घाला. अर्थ टेस्टर असलेला इलेक्ट्रिशियन मिळाला तर ५ ओहमच्या आत माप आणून द्यायला सांगा.

आता एक जुगाड, जो करू नये. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून दिले की लाल दिवा जातो. बरेच जण हे करून देतात आणि शंभर रुपये घेतात. पण खांबावर न्यूट्रल तुटला, जो वाऱ्या-वादळात आपल्याकडे तुटतोच, की गाडीचं सगळं पत्र्याचं अंग करंटवर येतं. ओल्या अंगणात अनवाणी पोर गाडीला टेकलं तर काय होईल, ते लिहायची गरज नाही.

अर्थिंग नीट असूनही बंद पडत असेल तर वायर पाहा. घरोघरी दीड चौरस मिलिमीटरची वायर असते. बोर्डापासून गोठ्यापर्यंत ३० मीटर ओढली तर १४ अँपियरला तिच्यातच १० व्होल्ट जातात आणि जवळपास १४० वॅट नुसती उष्णता होते. ८ तास सलग. सॉकेट पिवळं पडणं, पिन काळी होणं हे त्यातूनच. त्याऐवजी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, बोर्डातून थेट, मध्ये कुठेही जोड नाही. २० अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा), शक्यतो ‘ए’ प्रकारचा. औद्योगिक दर्जाचं १६ अँपियरचं सॉकेट. एवढं केलं की पडणारा व्होल्टेज चारवर येतो. घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर हे सॉकेट चुकूनही घेऊ नका. दीडशे अँपियर-तासाच्या बॅटरीत जेमतेम दीड युनिट असतं, गाडी ते अर्ध्या तासात पिऊन टाकेल.

राहिला लाइनचा भाग. नियमाने घरी २३० व्होल्टच्या ६ टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ यायला हवेत. संध्याकाळी सात ते दहा १७० येत असतील तर महावितरणकडे लेखी तक्रार द्या, वेळेसह आठ दिवसांचे आकडे जोडा. ‘व्होल्टेज कमी येते’ एवढ्यावर कोणी डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) बदलत नाही. सोबत मंजूर भार वाढवून घ्या. ३.३ किलोवॅटचा चार्जर एका किलोवॅटच्या मीटरवर चालवणं म्हणजे दंडाला आमंत्रण. तोवर चार्जिंग रात्री अकरानंतर लावा, तेव्हा गावातले कूलर-टीव्ही कमी होतात आणि व्होल्टेज सावरतो. स्टॅबिलायझर हा शेवटचा उपाय. ५ केव्हीएचा लागेल, आणि १७० चे २३० करताना तो लाइनमधून १९ अँपियर ओढेल, म्हणजे शेजाऱ्याचा व्होल्टेज आणखी पडेल. घेतलाच तर त्यातून अर्थची पिन पुढे जाते की नाही ते दुकानातच तपासा. बऱ्याच स्थानिक स्टॅबिलायझरमध्ये ती जातच नाही.

प्रश्न: शेतात कृषी पंपाचं कनेक्शन आहे आणि नवीन सौर पंपही बसला आहे. गाडी तिथेच चार्ज केली तर? (समुद्रपूर, जि. वर्धा)

दोन्हीवर नाही. पंपाची वीज ज्या दराने मिळते तो फक्त सिंचनासाठी आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि कधीपासून वापर चालू आहे ते ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. सौर पंपाचा कंट्रोलर मोटरला तीन फेजची, ऊन वर-खाली होईल तशी बदलत्या वारंवारितेची वीज देतो. त्यावर चार्जर लावला तर चार्जर जळेल, आणि पंपाची हमीही जाईल.

घराच्या छतावर मात्र सौर यंत्रणा जरूर बसवा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान आहे. तीन किलोवॅटमधून दिवसाला बारा युनिटच्या आसपास मिळतात. छोट्या गाडीचे ऐंशी किलोमीटर त्यात निघतात. दिवसाची वीज ग्रिडला जाते, रात्री गाडी ग्रिडवरून घेते, नेट मीटर हिशेब जुळवतो. एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: लाइन गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टरही बंद होतो, भर उन्हातसुद्धा. लाइनमन खांबावर चढलेला असताना तुमच्या छतावरून करंट जाऊ नये म्हणून तशी रचनाच आहे. तेव्हा भारनियमनावरचा उपाय म्हणून सौर घेत असाल तर निराशा होईल.

प्रश्न: दारव्ह्याहून यवतमाळला रोज नोकरीला जातो, जाऊन-येऊन ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. हायब्रिड घ्यावी की विजेची? (दारव्हा, जि. यवतमाळ)

तुमच्यासाठी विजेची, आणि छोटी. कारण हिशेबात आहे.

ग्रँड विटारासारखी एकच एसयूव्ही साध्या पेट्रोलमध्ये १६ आणि स्ट्राँग हायब्रिडमध्ये २२ किलोमीटर देते असं धरू. (कंपनीचा दावा २७.९७ चा आहे; तो चाचणीतला.) किलोमीटरला ६ रुपये ५५ पैशांचे ४ रुपये ७५ पैसे होतात, वाचले एक रुपया ऐंशी पैसे. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे वर्षाला साडेएकवीस हजार वाचतील. हायब्रिडचे तीन लाख जास्त मोजले असतील तर ते वसूल व्हायला १४ वर्षं लागतात. महिन्याला तीन हजार किलोमीटर करणाऱ्याचे पाच वर्षांच्या आत होतात. तुम्ही अधेमधे बसता, दोन हजारांवर: सुमारे सात वर्षं.

छोट्या विजेच्या गाडीला भिंतीपासून मोजलं तर १०० किलोमीटरला १४-१५ युनिट लागतात, म्हणजे किलोमीटरला पावणेदोन रुपये. २४ युनिटच्या टियागो ईव्हीचा सुरुवातीचा दावा ३१५ किलोमीटरचा होता, पण ती चाचणी रोलरवर, एसी बंद ठेवून होते. रस्त्यावर १८० ते २१० धरा. तुमचं रोजचं येणं-जाणं त्यात दोनदा बसतं, म्हणजे एखाद्या रात्री लाइन आली नाही तरी दुसऱ्या दिवशीची नोकरी चुकत नाही. आणि करातही फरक आहे: विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा पेट्रोल-हायब्रिडला १८, त्यापेक्षा मोठ्या हायब्रिडला सरळ ४०.

फक्त ‘हायब्रिड’ या पाटीवर जाऊ नका. माइल्ड हायब्रिडमध्ये पट्ट्यावर चालणारा स्टार्टर-जनरेटर इंजिनाला हातभार लावतो एवढंच. ती गाडी नुसत्या विजेवर एक मीटरही जात नाही. स्ट्राँग हायब्रिड घेतलीत तर मागच्या सीटजवळची बॅटरीची हवा ओढणारी जाळी ओळखून ठेवा. आपल्याकडची धूळ आणि दिवाळीनंतरचा कापसाचा तूस तिथे बसतो, बॅटरीला थंड हवा मिळत नाही, आणि मग ऐन उन्हाळ्यात इशारा लागतो. सरकी-कापसाची पोती त्या सीटवर टाकणाऱ्यांनी तर दर महिन्याला पाहावं.

प्रश्न: चंद्रपूरला मे महिन्यात ४७ अंश होतं. बॅटरी फुटेल का? (भद्रावती, जि. चंद्रपूर)

छोट्या विजेच्या गाड्यांत आता बहुतेक एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) जातीची बॅटरी येते. ती उष्णतेला जास्त सोसते आणि पेट घेण्याचा धोका दुसऱ्या निकेलवाल्या जातीपेक्षा कमी. उष्णतेने ती फुटत नाही, म्हातारी होते. १०० टक्के भरून दिवसभर उन्हात उभी करणं तिला सगळ्यात वाईट. रोजच्याला ८०-९० वर थांबवा. मात्र एलएफपीत चार्जचा काटा भरकटतो, म्हणून आठवड्या-पंधरवड्यातून एकदा पूर्ण भरा आणि लगेच चालवा. उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत उभी राहू द्या. महामार्गावरचा फास्ट चार्जर दुपारी संथ वाटला तर तो बिघडलेला नसतो. तापलेली बॅटरीच करंट कमी मागते. एसी तासाला एक ते दीड युनिट खातो, म्हणजे दहा किलोमीटर गेले.

प्रश्न: परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढायला किती बॅटरी जादा लागेल? (परतवाडा, जि. अमरावती)

चढ साधारण ७०० मीटरचा. गाडी आणि चार माणसं मिळून दीड टन धरलं तर नुसत्या उंचीसाठी पावणेतीन ते तीन युनिट लागतात, नेहमीच्या खर्चाच्या वर. २४ युनिटच्या गाडीत हे १२ टक्के. उतरताना त्यातला अर्धा-अधिक भाग परत येतो, पण बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर ती काहीच परत घेत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून वर मुक्कामी चार्ज केलीत तरी ८५ वर थांबवा.

प्रश्न: सुझुकी म्हणे शेणावर गाडी चालवणार. आमच्या गोबर गॅसवर सीएनजी गाडी चालेल का? (कारंजा लाड, जि. वाशीम)

नाही, आणि प्रयत्नही करू नका. कंपनीचं काम गुजरातेत बनासकांठ्यात डेअरीसोबत चाललं आहे, ते मोठ्या प्रकल्पाचं. घरच्या टाकीतल्या गॅसमध्ये मिथेन ५५-६० टक्के; बाकी कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, जो इंजिन आणि सिलिंडर दोन्ही गंजवतो. गाडीला मिथेन ९० टक्क्यांच्या वर आणि दाब २०० बारचा लागतो. गावठी कॉम्प्रेसरने सिलिंडर भरणं म्हणजे स्फोटच. गोबर गॅस चुलीवरच राहू द्या, स्लरी शेतात जाऊ द्या.

प्रश्न: जुनी विजेची गाडी स्वस्तात मिळते आहे. काय पाहून घ्यावी? (वरूड, जि. अमरावती)

सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन बॅटरीच्या तब्येतीचा छापील अहवाल मागा. काट्यावरचे शंभर टक्के पाहून काही कळत नाही. बॅटरीची हमी बहुधा ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची असते, पण ती दुसऱ्या मालकाला पूर्ण मिळते की कापून, ते कंपनीकडून लेखी घ्या. गाडी रॅम्पवर चढवून खालचं कवच पाहा. रपट्यावर किंवा शेतवाटेच्या धोंड्यावर आपटल्याची खूण असेल तर सोडून द्या. आयपी ६७ म्हणजे मीटरभर स्थिर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. वाहत्या नाल्यात उतरायची परवानगी नव्हे. पुरात बुडालेली गाडी वरून कोरडी दिसली तरी जोडण्या आतून हिरव्या पडत जातात.

बॉनेट उघडून उंदरांच्या खुणा शोधा, लेंड्या, सोयाबीनची फोलपटं, कुरतडलेला फोम. जाड नारिंगी वायरी उच्च दाबाच्या असतात (संत्र्याच्या मुलखात रंग विसरायला नको). त्या कुरतडल्या असतील तर टेप मारून भागत नाही, अख्खा हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलावा लागतो आणि गावच्या मेकॅनिकने त्याला हात लावायचा नसतो. शेवटी १२ व्होल्टची छोटी बॅटरी. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. तीन-चार वर्षांची झाली असेल तर बदलायचाच खर्च धरून भाव करा. दुसऱ्या गाडीवरून जंपर लावून ती जागी करता येते, पण तुमच्या विजेच्या गाडीवरून कोणाचा ट्रॅक्टर सुरू करून देऊ नका. तेवढा करंट द्यायला तिचा कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीतून छोटी भरणारा) बनलेलाच नसतो.